पानाला हिरवा देण्याआधी

रंगवायच्या पुस्तकांत पानाचं एक ठरलेलं चित्र असतं. पाच टोकं, करवतीसारख्या कडा, मधून निघालेल्या शिरा. हे पान मेपलचं. कॅनडाच्या झेंड्यावर 1965 पासून आहे, तेच. शेजारच्या पानावर ओक असतो, आणि कोपऱ्यात नमुना म्हणून एक छोटं पान आधीच लाल-नारिंगी रंगवून दिलेलं असतं. मूल त्या नमुन्याकडे बघून आपलं पान रंगवतं. कणकवलीहून सिंधुदुर्गातल्या फोंडाघाटला आलेलं पुस्तक असो किंवा पुण्याहून सुट्टीत आलेल्या मावशीने दिलेलं, पान बहुधा तेच. फोंड्यातल्या मुलाने मेपल पाहिलेला नसतो. पाहायची गरजही नाही. पण त्या नमुन्यासोबत एक समजूत घरात शिरते: पान हिरवं असतं, म्हातारं झालं की लाल होतं, मग गळतं. थंड मुलुखात हे खरंच आहे. फोंडाघाटात बहुतेक वेळा गोष्ट उलटी घडते. इथलं पान लाल जन्मतं आणि मोठं होता होता हिरवं होतं.

देवगडहून निघालेला निपाणीचा रस्ता नांदगाव तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्ग ओलांडतो आणि फोंड्याच्या बाजारातून घाटाला लागतो. वर दाजीपूर, पुढे राधानगरी. खाली सिंधुदुर्ग जिल्हा, वर कोल्हापूर. 1958 साली गव्यांसाठी राखलेलं दाजीपूरचं जंगल आज राधानगरी अभयारण्य म्हणून ओळखलं जातं. 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या ज्या 39 तुकड्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत तेही आहे. खाली पायथ्याशी ऐन, किंजळ, साग, सावर अशी पानं झाडणारी मंडळी. जसजसं वर जावं तसतशी अंजनी, जांभूळ यांची गर्दी वाढते. त्यांची पानं जाड, तुकतुकीत, वर्षभर अंगावर. म्हणजे एकाच घाटरस्त्यावर फेब्रुवारीत खाली निष्पर्ण फांद्या आणि वर गडद सावली असे दोन ऋतू एसटीच्या खिडकीतून दिसतात.

या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी कोशिंब उभा असतो. पुस्तकात त्याला कुसुम म्हणतात, आणि मध्य भारतात त्याच्यावर वाढवलेली ‘कुसमी’ लाख सर्वांत उंची मानली जाते. माघ-फाल्गुनात हे झाड असं लाल होतं की लांबून फुललंय असंच वाटतं. जवळ गेलं की कळतं, फुलं नावापुरतीच आणि हिरवट. लाल आहे ती पालवी.

त्याची एक डहाळी हातात घेऊन बघण्यासारखी असते. शेंड्याची पानं गडद, जवळजवळ किरमिजी आणि लुळी. देठातून मोडल्यासारखी खाली लोंबतात. त्यांना अजून स्वतःचा भार पेलत नाही. त्यांच्या खालची जोडी शेंदरी. तिच्या खालची विटकरी, आणि मधल्या शिरेच्या कडेने तिच्यात एक अस्पष्ट हिरवी रेघ शिरलेली. आणखी खाली पोपटी, पण कडांना अजून तांबूस. अगदी तळाशी गेल्या वर्षीचं एखादं राहिलेलं पान असेल तर ते काळपट हिरवं आणि बोटाला खरखरीत. वीतभर लांबीत पानाची सगळी उमर मांडलेली. आणखी एक गोष्ट, जी चित्र काढायला बसल्यावरच ध्यानात येते: कोशिंबाचं पान जोड्याजोड्यांनी बनलेलं असतं, दोन ते चार जोड्या, आणि शेवटची जोडी सर्वांत मोठी. टोकाला एकटं पान नसतं. मुलं (आणि मोठीही) सवयीने टोकाला एक पान काढून मोकळी होतात.

हे लाल येतं कुठून? पानाला हिरवं करणारं हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश शोषून घेतं, हिरवा बराचसा परतवतं. ते बनवायला नत्र लागतं, मॅग्नेशियम लागतं, म्हणजे झाडाचं भांडवल लागतं. कोवळं पान मऊ असतं आणि किड्यांना तेच आवडतं. उष्ण प्रदेशातल्या झाडांच्या पानांना आयुष्यात होणारी बरीचशी नासाडी या पहिल्या काही दिवसांतच होते. त्यामुळे कितीतरी झाडं पान पूर्ण पसरून चिवट होईपर्यंत त्यात हरितद्रव्य भरतच नाहीत. भांडवल उशिरा गुंतवतात. तोवर पानात अँथोसायनिन नावाचं लाल-जांभळं द्रव्य असतं. ते कडक उन्हापासून कोवळ्या पेशींना आडोसा देतं असं एक मत, बुरशीला रोखतं असं दुसरं, आणि हिरवं शोधत फिरणाऱ्या किड्याला लाल पान खाण्याजोगं वाटत नाही असं तिसरं. शास्त्रज्ञांचा हा वाद मिटलेला नाही, आणि झाडागणिक उत्तर वेगळं असण्याचीही शक्यता आहे.

मेपलचं गणित निराळं. तिथे थंडी येण्याआधी झाड पानातलं हरितद्रव्य मोडून उपयोगी माल फांदीत ओढून घेतं. हिरवा पडदा सरकला की आधीपासून पानात असलेला पिवळा दिसू लागतो. लाल मात्र त्या शेवटच्या दिवसांत नव्याने बनवलेला असतो. द्रव्य तेच, अँथोसायनिन. तिकडे निरोपाला, इकडे बारशाला. आपल्याकडे पान गळताना लाल करणारी झाडं नाहीत असं नाही. शाळेच्या आवारातला देशी बदाम हेच करतो, आणि त्याची तांबडी पानं गोळा करत मुलं मधली सुट्टी घालवतात. पण आंबा, पिंपळ, नागकेशर, सीतेचा अशोक, जांभूळ, कोशिंब ही सारी बारशाच्या पक्षातली.

घाटाच्या पायथ्याच्या एका शाळेत, फाल्गुनातल्या सकाळी, पहिली-दुसरीच्या मुलांसमोर मेपलऐवजी अशा डहाळ्या ठेवलेल्या मी पाहिल्या. बाईंनी चित्र फळ्यावर काढून दिलं नव्हतं. ‘आपापलं पान कागदावर ठेवा, पेन्सिल फिरवा, उचला आणि मग रंगवा’ एवढंच सांगितलं होतं. बारा खडूंच्या पेटीत हिरवे दोन-तीनच. कोशिंबाची डहाळी वाट्याला आलेला एक मुलगा बराच वेळ तांबडा खडू हातात धरून बसला, मग उठून विचारता झाला, “बाईनू, पान तांबडा रंगवलंय तर चलात?” बाई म्हणाल्या, “पान कसला आसा ता बघ, माका कित्याक इचारतंस?” त्याला ते पटलं नाही. त्याने तांबडा दिला आणि वर हिरव्याचा एक हात फिरवला. दोन्ही मिळून शेणाचा रंग झाला. शेजारची मुलगी जास्त धीट. तिने आंब्याच्या पालवीला आधी पिवळा, त्यावर तपकिरी आणि कडेला जांभळा दिला, आणि जवळजवळ तांब्याचा रंग साधला. जलरंगांत हे सोपं असतं. तेलखडूत थरावर थर द्यावे लागतात आणि फिकट रंग आधी द्यावा लागतो, हे तिला कोणी शिकवलं होतं की सापडलं होतं, कोण जाणे.

रंगवण्याचं काम पान बघायला लावतं, हा त्याचा खरा फायदा. नाहीतर पान बघतो कोण? बेलाचं उदाहरण घ्या. शंकराला वाहतो ते त्रिदल म्हणजे तीन पानं नव्हेत. ते एक पान आहे, तीन भागांचं. चिंचेची बारीक बारीक पानं मोजायला बसलं तर संध्याकाळ होईल. पण ती सगळी मिळून, मधल्या काडीसकट, एक पान. सावरीची पाच-सात बोटं मिळून एक पान. हे ओळखायची खूण साधी आहे आणि दुसरीतल्या मुलालाही जमते. देठ फांदीला जिथे चिकटतो तिथे, बगलेत, एक इवलीशी कळी असते. जिथे कळी, तिथून पान सुरू. चिंचेच्या बारीक पात्यांच्या बगलेत कळी कधीच नसते, मधली काडी फांदीला मिळते तिथे असते. वर्गात ही खूण सांगितल्यावर दहा मिनिटांत आवारातलं एकही झाड तपासायचं राहिलं नाही. शेवग्यावर मात्र भांडण लागलं, कारण शेवग्याचं पान दोनदा-तीनदा फाटलेलं असतं आणि एकेक पान हातभर लांब. इतकं मोठं पान असू शकतं हे मुलांना कबूल होईना. गोकुळाष्टमीला आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याच्या उसळीसोबत शेगलाची, म्हणजे शेवग्याच्याच पाल्याची, भाजी खाणारी ही मुलं. निवडायला बसलं की आपण काडी टाकून पाला ठेवतो. काडी पानाचाच भाग, हे स्वयंपाकघरातून दिसत नाही.

शिरांसाठी ठसा घ्यावा. पान उलटं ठेवायचं, म्हणजे शिरांची बाजू वर. त्यावर पातळ कागद, आणि मेणखडूचं वेष्टन काढून तो आडवा घासायचा. टोकाने घासला की कागद फाटतो. पेरूचं पान यासाठी फार चांगलं, त्याच्या शिरा पाठीवर नीट उठलेल्या असतात. करमळ त्याहून सुंदर. मधल्या शिरेपासून दोन्हीकडे सरळ समांतर रेघा निघतात आणि प्रत्येक रेघ कडेच्या दात्यात जाऊन संपते. जांभळाच्या शिरा इतक्या बारीक आणि दाट की ठशात नुसती झाक उमटते. फणसाचं पान निराशा करतं. बांबूचं किंवा भाताचं पान घेतलं तर जाळीच नाही, सगळ्या शिरा उभ्या. भात लावणाऱ्या घरातलं मूल हा फरक एकदा हाताखाली उमटलेला पाहिल्यावर विसरत नाही. पिंपळाचं पान तर पाण्यात कुजत ठेवून त्याची जाळी उरवायचा खेळ आपल्या कितीतरी पिढ्या खेळल्या आणि ती जाळी पुस्तकात जपून ठेवली. त्याच पिंपळाचं लांब निमुळतं टोक घाटातल्या बऱ्याच झाडांना असतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो तिथे पानावरून पाणी लवकर ओघळून गेलेलं बरं.

चित्र छापायचं आणि रंग दुसऱ्याने भरायचा, ही कल्पना मुलांसाठी निघालेली नाही, आणि तिची सुरुवात फुलापानांनीच झाली, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. लंडनच्या रॉबर्ट सेयर या प्रकाशकाने 1760च्या सुमारास ‘द फ्लोरिस्ट’ नावाचं पुस्तक काढलं. त्यात फुलांची रेखाचित्रं होती आणि हौशी मोठ्या माणसांनी ती रंगवावीत म्हणून सूचना होत्या. केट ग्रीनअवेच्या चित्रांचं मुलांसाठीचं रंगवायचं पुस्तक अमेरिकेत मॅक्लॉफलिन बंधूंनी काढलं ते 1879 साली. त्याच्याही दोनशे वर्षं आधी आपल्या किनाऱ्यावरच्या पानांची बिनरंगाची चित्रं ॲमस्टरडॅममध्ये छापली जात होती. कोचीचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने केलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ 1678 ते 1693 या काळात बारा खंडांत निघाला. मजकूर लॅटिनमध्ये. पण त्यामागच्या माहितीत इट्टी अच्युतन या केरळी वैद्याचा आणि रंग भट, विनायक पंडित, आपू भट या तीन कोकणी विद्वानांचा हात होता. त्यांनी 1675 मध्ये नागरीत लिहून दिलेलं प्रमाणपत्र ग्रंथात जसंच्या तसं छापलेलं आहे. चित्रांवर झाडांची नावंही नागरीत कोरलेली. त्या ताम्रपटांवरच्या पानांना रंग नाही, पण कीड लागलेली पानं, मुडपलेल्या कडा, पाठमोरी वळलेली पानं आहेत. झाड समोर ठेवूनच असं काढता येतं.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण दापोडीचं. पुण्याजवळच्या दापोडीला सरकारी वनस्पती उद्यान होतं आणि 1838 पासून अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश डॉक्टर त्याचा प्रमुख. 1847 मध्ये तो मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला, म्हणजे कोकणातली जंगलंही त्याच्या देखरेखीखाली आली. 1847 ते 1850 या काळात त्याने उद्यानातल्या झाडांची दीडशेहून अधिक जलरंगचित्रं करवून घेतली. ती आज एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानात आहेत. हेन्री नॉल्टी यांनी त्यांच्यावर 2002 साली पुस्तक लिहिलं. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढीच नोंद मिळते, नाव कोणी लिहून ठेवलेलं नाही. गोव्याकडचा असावा, अशी माझी आपली समजूत. त्याने पान कधी एका हिरव्यात भागवलेलं नाही. वरच्या बाजूचा हिरवा वेगळा, वळलेल्या पाठीचा फिकट राखाडी हिरवा वेगळा. गिब्सनचं नाव सहलेखक दाल्झेलसोबत ‘बॉम्बे फ्लोरा’वर 1861 साली छापलं गेलं. रंग देणाऱ्याचं गेलं वाऱ्यावर. चित्रकाराला शास्त्राचा नोकर समजायची ही रीत जुनीच.

पाठीवरून आठवलं. पानाची पाठ मुलं रंगवत नाहीत, कारण पुस्तकात ती दाखवलेलीच नसते. खरं तर ओळख पटते ती पाठीवरूनच. पर्णरंध्रं, म्हणजे पानाची श्वास घ्यायची छिद्रं, बहुतेक झाडांत खालच्या बाजूलाच जास्त असतात. लव तिथे, उठलेल्या शिरा तिथे, किड्यांची अंडी तिथे. लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा एक डाग दिसतो आणि बोट लावलं की तो हलतो. ते राणी पाकोळीचं सुरवंट. 2015 मध्ये महाराष्ट्राने हिला राज्य फुलपाखरू केलं. परसातलं लिंबाचं पान कुरतडलेलं असेल तर कौतुकाने कुरतडलेलं काढावं. शाळेच्या वहीत मात्र पानं सगळी अखंड, निरोगी, जणू फवारणी केलेली.

फोंड्याच्या आसपास पान ओळखणारी दुसरी शाळा आहे, ती चुलीपाशी. तिथे रंगावर फारसा भर नाही. हळदीचं पान आणि कर्दळीचं पान शेजारी ठेवून चित्रातून वेगळं काढून दाखवा. पातोळे करणारी बाई अंधारात चुकणार नाही, कारण तिच्यासाठी पान म्हणजे वास. एका आजींनी मुलांना सुनावलं ते असं, “पान वळखूक डोळे कित्याक व्हये? हाताक कळता.” आणि खरवताचं पान त्यांनी एकेकाच्या गालावरून फिरवलं. हे पान इतकं खरखरीत की लाकूड घासायला वापरतात. मुलं किंचाळली. मग सागाची पाळी. सागाचं कोवळं पान तळहातावर चुरडलं की हात लालभडक होतो. पान बघायला हिरवंच. या खेळाला खडूची पेटी लागत नाही, आणि मेंदीच्या आधी फोंड्यातल्या प्रत्येक मुलीचा हात सागाने एकदा तरी रंगलेला असतो. चांदाड्याचं पान बघितलं तर देठ कडेला नसून पोटात, छत्रीच्या दांड्यासारखा. कमळाचंही तसंच. आणि श्रावण-भाद्रपदात कुंपणावर शेरवडीचं पांढरंशुभ्र पान दिसतं, ते तर पानच नाही. फुलाच्या बाहेरच्या आवरणातली एक पाकळी वाढून पानाएवढी होते, किड्यांना लांबून बोलवायला. खरं फूल शेजारी, नारिंगी आणि चिमुकलं.

हे ज्ञान कमी होतंय अशी ओरड मला करायची नाही. भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागासाठी बी. जी. कुलकर्णींनी केलेली सिंधुदुर्ग जिल्ह्याची वनस्पतिसूची 1988 मध्ये निघाली, नावं कागदावर आहेत. चुलीपाशीही आहेत. मधला दुवा, म्हणजे मुलाची वही, तेवढी मेपलवर अडकली आहे. ‘रेघेबाहेर रंग जाता कामा नये’ या एका नियमावर आपण गुण देतो. रेघेच्या आत काय आहे ते कोणी विचारत नाही. भारतभर शाळकरी मुलं एकेक झाड निवडून दर आठवड्याला कोवळी पानं, जून पानं, फुलं, फळं यांची नोंद ठेवतात असा ‘सीझनवॉच’ नावाचा उपक्रम चालतो, केरळात तर तो फार फोफावला. रकाना भरण्याऐवजी त्याच झाडाचं एक पान दर महिन्याला रंगवलं तरी तीच नोंद होते. वर्षाच्या बारा कागदांत हिरवा किती वेळा लागला ते आपोआप कळेल.

दिवाळीच्या सुमारास कोशिंब हिरवा असतो, त्याच्या लाल पालवीला अजून तीन-चार महिने असतात. पण पाऊस ओसरल्यावर आंब्याला पालवी येते, आणि दिवाळीच्या सुट्टीत रंगवण्याजोगं दारातलं तांबडं पान तेच. फोंड्यापासून देवगडपर्यंतच्या रस्त्यावर ती दिसेल. फक्त बागायतदारासमोर तिचं कौतुक करू नये. पालवी आली की त्या फांदीचा मोहोर लांबतो किंवा चुकतो, हापूसचा हंगाम मागे जातो. म्हणून तर कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशीने बागांत पावसाळ्यातच मुळांशी पॅक्लोब्युट्राझॉल घालतात, बाजारात ज्याला कल्टार म्हणतात. झाडाची वाढीची ओढ त्याने दबते आणि ते मोहोराकडे वळतं. मात्रा घातलेल्या बागेत पालवी कमी दिसते. डहाळी मागायला मुलं बिनकल्टारच्या झाडाकडे, म्हणजे बहुतेक वेळा रायवळाकडे जातात. एकदा एका बागेच्या कुंपणाशी ती उभी राहिली तेव्हा मालक म्हणाले, “औंदा पालवीच मापाची इली. व्हयी तितकी न्हेवा, उरली ती पण न्हेवा.”